सात फुटी भिंत

४ जानेवारी

ही वही खरं तर साइटच्या नोंदींसाठी आणली. पहिल्या पानावर मात्र दुसरंच लिहावंसं वाटतंय.

एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात बसून दुसऱ्याची घरं काढली. जिन्याच्या पायऱ्या मी मोजायच्या, नकाशाच्या कोपऱ्यात सही साहेबांची. काल राजीनामा दिला. साहेबांनी कॉफी मागवली आणि म्हणाले, "चव्वेचाळिसाव्या वर्षी?" म्हटलं, पन्नाशीपेक्षा बरं. बायको शाळेतून आली तेव्हा मी टेबल पुसत बसलो होतो. ती म्हणाली, "मालक झालात, आता टेबलंच पुसा."

पहिलं काम ताईच्या घराचं. हे मी मनाशी केव्हाच ठरवलं होतं. आई-बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, ती बावीसची. तिच्या शिलाई मशीनच्या आवाजात मी अभ्यास केला, आणि त्याच मशीनवर माझं सगळं शिक्षण झालं. मी शिकून काय झालो, हे तिला राहत्या घरात दिसायला हवं.

घर तसं वाईट नाही, पण सगळं चुकीच्या जागी. दार थेट रस्त्यावर उघडतं. पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं बुटकी, रुंद खिडकी. तिच्याशी ताईचं मशीन. लोक आत येतच नाहीत. खिडकीतूनच पँट आत, खिडकीतूनच पँट बाहेर. समोरून गाड्या जातात, त्यांची धूळ कापडावर आणि ताईच्या छातीत. दोन वर्षं झाली, तिचा खोकला जात नाही.

११ जानेवारी

दिवसभर मापं घेतली. टेप धरायला दाजी. दाजी म्हणजे ताईचे यजमान. चौतीस वर्षं बस चालवून आता घरी बसलेत. म्हणजे घरी कसले, दारातल्या पायरीवर. 'आर्किटेक्ट' म्हणायला त्यांची जीभ वळत नाही म्हणून मला 'इंजिनियर' म्हणतात. टेपचं एक टोक त्यांच्या हातात देऊन मी आत गेलो की ते कोणाशी तरी बोलायला लागत आणि टेप ढिली पडे. रस्त्यापलीकडे घड्याळवाल्यांचं चिमुकलं दुकान आहे. तिथून घड्याळवाले डोळ्यावरची भिंगाची नळी न काढता ओरडून उत्तर देतात. दोघांमध्ये गाडी आली की वाक्य मध्येच थांबतं, आणि गाडी गेली की तिथूनच पुढे सुरू होतं.

एक गंमत म्हणून मोजलं. दोन तासांत ताईच्या खिडकीशी तेवीस जण थांबले. कपडे आणलेले फक्त सहा. बाकीचे नुसतेच. एका बाईनं किल्ली ठेवायला दिली. एकीनं सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं, पाऊण तास. ताई मान खाली घालून टीप मारत होती आणि 'हं' म्हणत होती. कामात किती व्यत्यय. शांत खोली मिळाली तर ही बाई दुप्पट काम करेल.

दुपारी तिला विचारून यादी केली. प्लग किती, कपाटं कुठे, टाइलचा रंग कुठला. म्हणाली, "तुला आवडेल तो घाल, धाकट्या."

२ फेब्रुवारी

आज मॉडेल दाखवलं. पुठ्ठ्याचं, छप्पर उचललं की आतलं सगळं दिसणारं. तीन आठवडे राबलो त्यावर.

पुढची खोली पाडायची. तिच्या जागी अंगण, रस्त्यापासून बारा फूट. रस्त्याला लागून सात फूट उंच भिंत, एका टोकाला लोखंडी गेट. वर एक मजला, आणि तिथे मागच्या बाजूला ताईची शिलाईची खोली. उत्तरेचा उजेड, म्हणजे दिवसभर सारखा, सुईत दोरा ओवायला चष्मा लागू नये असा. धूळ नाही, हॉर्न नाही. अंगणात दाजींसाठी बाक आणि भिंतीवर वेल.

दाजींनी मॉडेलमध्ये बोट घालून विचारलं, "मी कुठे आहे यात?" मी बाक दाखवला. ते वाकून, बाकाच्या उंचीला डोळे आणून बघत राहिले. "समोर भिंत दिसते, इंजिनियर."

"वेल वाढला की हिरवं दिसेल, दाजी."

"वेल," ते म्हणाले. "बरं."

ताई मॉडेलकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होती. शेवटी म्हणाली, "छान आहे. फार छान केलंयस." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "छान म्हणाल्या, की हवंय म्हणाल्या?" या शिक्षक लोकांना शब्दाशब्दाचे मार्क कापायची सवय असते.

२० मार्च

ताई-दाजी तात्पुरते दोन गल्ल्या पलीकडे भाड्यानं राहतायत. पाडकाम संपलं. खिडकीची चौकट निघता निघेना. गवंडी म्हणाला, जुनं लाकूड आहे, ठेवायचंय का? ठेवून काय करणार. देऊन टाकली.

भिंतीची दोरी लावली तेव्हा तो थोडा घुटमळला. वयानं मोठा आहे, हात चांगला आहे. म्हणाला, "साहेब, एवढी उंच? पलीकडे माणूस उभा राहिला तर टोपीसुद्धा दिसायची नाही." म्हटलं, त्यासाठीच तर आहे. तो हसला नाही. दोरी ताणली आणि कामाला लागला.

९ जून

आज ताई राहायला आली. गेट लावून घेतलं आणि एकदम शांत झालं. अंगणात उभं राहून मी ती शांतता ऐकत होतो. रस्ता चार-पाच पावलांवर आहे हे सांगूनही खरं वाटू नये. एकोणीस वर्षांत साहेबांच्या एकाही घरात हे जमलं नव्हतं.

ताई वरच्या खोलीत गेली, मशीनवर हात फिरवला, मागच्या खिडकीतून बघितलं. मागे परक्या घराची पाण्याची टाकी आणि वर आभाळ. "उजेड खरंच चांगला आहे," म्हणाली. मी खूश.

दाजी बाकावर बसून बघत होते. मग उठून गेटाबाहेर जाऊन उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. घर कसं दिसतं ते बघतो."

२८ जून

एका मासिकाचा फोटोग्राफर येऊन गेला. त्यानं ताईला फ्रेममधून बाजूला व्हायला सांगितलं, भिंतीची रेष स्वच्छ हवी म्हणून. फोटो अप्रतिम आलेत.

संध्याकाळी कोपऱ्यावरचे निवृत्त हेडमास्तर मला थांबवून म्हणाले, "आमचंही असं करून द्या. मुलगी म्हणते, येणारे-जाणारे सरळ घरात डोकावतात." दुसरं काम. तेही त्याच गल्लीत, म्हणजे देखरेखीला सोपं.

१९ जुलै

ताईकडे गेलो तर ती गेटाबाहेर स्टुलावर बसून परकराला हातशिलाई करत होती. उन्हात. मी चिडलोच. वर एवढी खोली केली ती कशासाठी? म्हणाली, "पाय मोकळे करायला आले होते." स्टुलावर बसून कसले पाय मोकळे होतात?

गिऱ्हाईक कमी झालंय, हे तिनं नाही, दाजींनी सांगितलं. लोक बेल दाबायला संकोचतात म्हणे. आधी जाता जाता कपडा टाकून जायचे. आता बेल, मग ताईनं जिना उतरायचा, गेट उघडायचं, परत चढायचं. एक चेन बदलायला एवढं कोण थांबेल. "ती पलीकडची नवी दुकानवाली काचेच्या दारात बसते," दाजी म्हणाले. "येता-जाता दिसते."

मी लगेच यावर उपाय काढला. गेटाला बोलायचं यंत्र बसवून दिलं. बाहेरून बटण दाबायचं, वर ताईला आवाज जातो. दाजींनी घड्याळवाल्यांना बोलावून चाचणी घेतली. घड्याळवाले बटण दाबून म्हणाले, "बसवाले आहेत का घरी?" दाजी गेटाच्या या बाजूला, दोन फुटांवर उभे. दोघं खूप हसले. मग घड्याळवाले दुकानात परत गेले, आणि दाजी थोडा वेळ त्या यंत्राजवळच उभे होते.

स्टूल मी आत नेऊन ठेवलं.

३ सप्टेंबर

कामांची रीघ लागलीय. हेडमास्तरांचं झालं. दाताच्या डॉक्टरीणबाईंचं झालं. दोघा भावांच्या जोडघराला एकच लांब भिंत हवी होती, पण भावाभावांत पटेना, म्हणून दोन वेगळ्या केल्या. शेवटच्या वळणावरचं घर प्लास्टरपर्यंत आलंय. एकाला बघून दुसऱ्याला हवीशी वाटते. संबंध गल्लीला एक शिस्त आलीय. गवंडी तोच.

आज समोरच्या मालकाचंही नक्की झालं. घड्याळवाले ज्यांच्या गाळ्यात आहेत ते. त्यांना खाली दोन गाड्या ठेवायला बंद जागा हवी, पुढे पोलादी शटर. गाळा जाणार, पण घड्याळवाल्यांना डिसेंबरअखेरपर्यंत मुदत दिलीय. नकाशे सही करून दिले.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं तर तिचा घास हातातच राहिला. "दाजींना सांगितलंत?"

"सांगीन की. त्यांचा काय संबंध?"

ती उठून ताटं आवरायला लागली. हिचा अबोला समजून घ्यायला वेगळा नकाशा लागतो.

१४ ऑक्टोबर

कालचं लिहितोय. जसं झालं तसं लिहून ठेवतो, नाहीतर मी त्यात काहीतरी फिरवीन.

साडेपाचला ताईचा फोन आला. आवाज तिचा नव्हताच. "धाकट्या, दाजी बघ ना कसे करतायत." मागे अँब्युलन्सचा भोंगा. मी थेट हॉस्पिटलात गेलो.

साडेबाराला दोघं जेवली. ताई वर गेली. शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा होता, बरेच दिवसांनी मोठं काम. दाजी अंगणात राहिले. केव्हातरी उठून त्यांनी वेलाला पाणी घालायला नळी सोडली, आणि केव्हातरी ते पडले. केव्हा, ते कोणालाच माहीत नाही. ताईची खोली वर, मागे, आणि मशीन चालू. दाजींनी हाक मारली असेल तर ती भिंतीला धडकून परत आली असणार. मारता आली असेल तर.

नळी चालूच राहिली. पाणी गेटाखालून रस्त्यावर आलं. घड्याळवाल्यांनी ते बघितलं. त्यांना वाटलं, अंगण धूत असतील. बऱ्याच वेळानंही पाणी थांबेना तेव्हा ते रस्ता ओलांडून आले, हाका मारल्या, बेल दाबली. ताई खाली आली तेव्हा पावणेपाच झाले होते. दाजी बाकाजवळ कुशीवर होते, अर्धं अंग चिखलात, डोळे उघडे.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न तीनदा विचारला. "हे सुरू कधी झालं?" मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते ठरावीक तासांतच देता येतं; उशिरा दिलं तर उलट जिवावर बेततं. "शेवटचं नीट कधी पाहिलंत त्यांना?"

"साडेबाराला," ताई म्हणाली.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहाला दहा कमी होते. "मग नाही देता येणार," त्या म्हणाल्या. हळू आवाजात, पण दुसरीकडे न बघता.

जुन्या घरात दाजी शिंकले तरी पलीकडे वेळ कळायची.

१६ ऑक्टोबर

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

घड्याळवाले भेटायला आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून. व्हरांड्यात माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "पाणी मी तीनला बघितलं. की अडीचला. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं तर मला सांगता येईना. दुकानात चाळीस घड्याळं चालू आहेत माझ्या."

त्यांना अजून माहीत नाही की गाळ्याचे नकाशे मी केलेत. मी त्यांना चहा आणून दिला.

२ नोव्हेंबर

दाजी घरी आलेत. त्यांना खालच्या हॉलमध्येच ठेवलंय. बोलायचं शिकवायला एक बाई येतात. त्या वस्तूंची चित्रं दाखवतात, दाजी प्रत्येकाला 'तो' म्हणतात. कप, तो. खुर्ची, तो. ताई, तो. प्रवाशांनी भरलेल्या बसमध्ये पाठीमागच्या माणसाशी गप्पा मारणारा हा माणूस.

आज बाई गेल्यावर मी ताईला म्हटलं की मला भिंत पाडायचीय. लगेच. माझ्या खर्चानं, उद्यापासून.

ती दाजींचा शर्ट घडी करत होती. तो पूर्ण घडी करून होईपर्यंत थांबली.

"तू मला सगळं विचारलंस," ती म्हणाली. "प्लग किती. टाइल कुठली. नळ डाव्या हाताला की उजव्या. दिवसभरात माझ्याकडे कोण येतं आणि कशाला येतं, हे नाही विचारलंस."

"मी मोजले होते, ताई. तेवीस जण."

"मोजलेस," ती म्हणाली.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "पण तुला नको होतं तर तेव्हाच का नाही बोललीस? मी पुठ्ठ्याचं घर तुझ्यासमोर ठेवलं होतं. एक शब्द बोलली असतीस तर मी सगळं बदललं असतं."

"असतंस बदललं. माहितीय मला." तिनं शर्ट बाजूला ठेवला. "मी तुझा चेहरा बघितला, धाकट्या. तू पहिलीत पाटीवर घर काढून आणायचास तसा चेहरा. ते पुसायला मी कशी सांगू? वाटलं, चार भिंती तर आहेत, सवय होईल. मला झालीही असती." मग दाजींकडे बघून म्हणाली, "यांनाही तेव्हा मीच गप्प केलं. यांना बोलायचं होतं."

त्यानंतर तिनं दाजींना पाणी पाजलं. पाणी गालावरून ओघळलं, तिनं पुसलं. मी तिथेच बसून होतो. ती रडली असती, ओरडली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं.

निघताना म्हणाली, "पाड. पण यांना कळेल असं पाड. आधी सांगून."

९ नोव्हेंबर

समोरच्या मालकांकडे गेलो. म्हटलं, गाळा राहू द्या, एकच गाडी आत घेऊ, नवा नकाशा फुकट करून देतो. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. मग खणातून माझेच नकाशे काढून टेबलावर पसरले.

"तुम्हीच सांगितलं होतं ना," ते म्हणाले, "की खाली दुकान असलं की माणसं रेंगाळतात आणि घराला शांतता राहत नाही?"

सांगितलं होतं. शब्द अगदी तेच.

"तुमच्या घरी जे झालं त्याचं वाईट वाटतं. पण ते आजारपण आहे. त्यात भिंतीचा काय दोष?" नंतर मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, मला जमत नसेल तर पुढचं काम ते गवंड्याकडूनच करून घेतील, नकाशे तर झालेच आहेत.

तिथून खाली उतरून घड्याळवाल्यांना सगळं सांगितलं. हे मी सप्टेंबरात करायला हवं होतं. त्यांनी भिंगाची नळी काढली. म्हणाले, "मालकांनी नकाशा दाखवला होता. खाली तुमचं नाव वाचलं मी." पुन्हा नळी लावली.

म्हणजे हॉस्पिटलात व्हरांड्यात माझ्या हातचा चहा घेताना त्यांना माहीत होतं.

२५ नोव्हेंबर

भिंत पाडली. गवंडी स्वतः आला, मजुरांवर सोडलं नाही. वरून एकेक थर काढत आला; दीड फूट राहिली तेव्हा हात थांबवून माझ्याकडे बघितलं. म्हटलं, राहू दे, बसता येईल. तिच्यावर दगडाची लादी बसवली.

दाजींना ताईनं आधी सांगितलं होतं. ते चाकांच्या खुर्चीत बसून बघत होते. वरचा पहिला थर निघाला आणि पलीकडच्या घराची गच्ची दिसली, तेव्हा 'तो' म्हणाले. मग थोडा-थोडा रस्ता दिसायला लागला तसं गप्प झाले.

वेलही गेला. तो वाढलाच नव्हता फारसा.

१२ डिसेंबर

ताईचं मशीन खाली आणलं, अंगणाकडच्या खिडकीशी. पण रस्ता आता बारा फूट लांब आहे. ती पुढची खोली मी पाडली, ती काही मला रात्रीतून परत उभी करता येत नाही. लोकांना मान वळवून बघावं लागतं. काही हात करतात. थांबत नाहीत. सहा महिन्यांत त्यांची चालायची बाजूच बदलली. या बाजूला नुसत्या भिंती आणि गेटं, मग पलीकडून, दुकानं आहेत त्या बाजूनं जातात. कपडे काचेच्या दारातल्या बाईकडे. ती बाई चांगलं शिवते म्हणे. ताईच सांगत होती.

हेडमास्तरांना म्हटलं, भिंत निम्मी करून देतो. त्यांच्या मुलीनं आतूनच सांगितलं, "आम्हाला आवडते." दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचार करू. जोडघरातल्या दोघा भावांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं: नको.

ऑफिसात दोन फोन येऊन गेले. मासिकातला फोटो बघून. अगदी अशीच भिंत हवी. मी विचारलं, दुपारी घरी कोण असतं? पहिला म्हणाला, तुम्हाला काय करायचंय? दुसऱ्या बाई जरा थांबून म्हणाल्या, "सासरे असतात." म्हटलं, त्यांना भेटून मग बोलू. त्या कळवते म्हणाल्या. कळवलं नाही.

३१ डिसेंबर

घड्याळवाल्यांनी दुकान आवरलं. मी मदतीला गेलो, त्यांनी नको म्हटलं नाही. भिंतीवरची घड्याळं उतरवून कागदात गुंडाळताना ती चालूच होती. बहिणीच्या गावाजवळ जागा मिळालीय, बसनं दीड तास.

जायच्या आधी रस्ता ओलांडून आले, दाजींच्या समोर त्या दीडफुटीवर बसले. बराच वेळ. बोलले तेच, रोजच्यासारखं, काहीबाही. मध्ये गाडी आली की थांबायचे. आता दोघांच्या मध्ये रस्ता नव्हता, तरी थांबायचे.

८ फेब्रुवारी

आज रविवार. घड्याळवाले दाजींना भेटायला आले, दीड तासाचा प्रवास करून. ताईनं चहा केला. दाजींची थोडी प्रगती आहे. आता 'तो' आणि 'चल' असे दोन शब्द. घड्याळवाले निघाले तेव्हा दाजी 'चल' म्हणाले. ते निरोपाचं होतं की 'मलाही ने' असं, ते कळलं नाही. ताईनं त्यांच्या खांद्यावर शाल ओढली. समोरचं शटर वर गेलं, गाडी बाहेर पडली, शटर खाली आलं. दाजींनी डावा हात उचलला. बसचे ड्रायव्हर समोरून येणाऱ्या बसला करतात तसा. गाडीची काच काळी होती.

मी घड्याळवाल्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेलो. दुपारची वेळ आणि गल्लीत चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंना प्लास्टर केलेल्या, रंगवलेल्या, एका रेषेत उभ्या भिंती. आमच्याच चपलांचा आवाज त्यांवरून परत येत होता. मी न केलेल्याही काही आता उभ्या राहिल्यात, बघून बघून.

"नव्या दुकानात कसं आहे?" मी विचारलं.

"बरं आहे. समोर पार्किंग आहे. गाड्या बघतो." थोडं चालून म्हणाले, "तुमच्या ताईंना म्हटलं मी, तुम्हीही या तिकडे, खोल्या स्वस्त आहेत. त्या म्हणाल्या, धाकट्याला वाईट वाटेल. त्यानं बांधलंय."

चप्पल नीट करायच्या निमित्तानं वाकलो. ते थांबले, घाई केली नाही.

स्टॉपवर बस यायची होती. ते वळून गल्लीकडे बघत होते. रागानं नव्हे, बिघडलेलं घड्याळ उघडून आधी नुसतं बघतात, तसं.

"यातल्या तुमच्या किती?" त्यांनी विचारलं.

"चार," मी म्हणालो.

ते मान हलवून बसमध्ये चढले. खिडकीशी जागा मिळाली त्यांना.

सहा आहेत. चार म्हणालो.